ज्वारीची धान्यप्रत व इंधन-अल्कोहॉल

ज्वारीची धान्यप्रत व इंधन-अल्कोहॉल : धान्यापासून एथिल अल्कोहॉल मिळविताना दाण्यातील स्टार्चाचे शर्करेत रूपांतर करून तिचे यीस्टच्या साहाय्याने किण्वन करतात. ज्वारीच्या दाण्यात सु. ६०–७५ टक्के स्टार्च असतो. मात्र हे प्रमाण वाणाइतकेच पिकाला लाभलेल्या हवामानावर अवलंबून असते. दाणा भरताना पाण्याचा ताण पडल्यास तो रोड राहतो, त्यातील प्रथिनांचे प्रमाण वाढते व स्टार्चाचे घटते. पक्वतेच्या वेळी पाऊस आल्यास फ्युजेरियम, कर्व्ह्युलॅरिया इ. कवके कणसावर वाढून दाणा काळा पडतो. या दुसऱ्या आपत्तीला महाराष्ट्रात वेगळाच इतिहास आहे.

खरीप ज्वारीचे जुने स्थानिक वाण उंच, गरवे व दिवसाच्या लांबीस संवेदनशील होते. पेरणी थोडी मागेपुढे झाली, तरी दिवस लहान होऊ लागल्यावरच ते फुलोऱ्यावर येत आणि पाऊस सरल्यावर त्यांचा दाणा पिके. उत्पन्न बेताचे, पण दाणा स्वच्छ. सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये प्रसृत झाला. तो सु. १०० दिवसांत तयार होई. दर हेक्टरी उत्पादन पुष्कळ वाढले. परंतु कणीस आता पावसातच पक्व होऊ लागले आणि काळ्या ज्वारीचा प्रश्न उभा राहिला. जमिनीतील ओलीवर, कोरड्या हवेत पिकणाऱ्या मालदांडीसारख्या रब्बी वाणांना ही बाधा क्वचितच होते. त्यांचा मोत्यासारखा दाणा भाकरीसाठीच राखला जातो.

पेट्रोलमध्ये ५ टक्के एथिल अल्कोहॉल मिसळण्याची योजना महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ मध्ये सुरू झाली, पण तिचा आधार उसाची मळी हा होता. धान्याधारित अल्कोहॉल प्रकल्पांना उत्तेजन देण्याचे धोरण राज्य शासनाने २००७ मध्ये स्वीकारले, तेव्हा पावसाने खराब झालेल्या, खाण्यास अयोग्य ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, असे सांगण्यात आले. अन्नधान्यापासून मद्य करण्यास तीव्र विरोधही झाला. या वादात एक गोष्ट दुर्लक्षिली गेली : काळा दाणा स्वस्त असला, तरी वजनाने हलका व स्टार्चाने उणा असतो. कारखान्याला स्टार्च हवा असल्याने त्याची ओढ अखेर चांगल्या दाण्याकडेच राहणार. शिवाय काही कवकविषे ऊर्ध्वपातनात नष्ट होत नाहीत. स्टार्च निघून गेल्यावर उरलेल्या चोथ्यात त्यांचे प्रमाण सु. तिप्पट होते आणि तोच चोथा पशुखाद्यात जातो.

राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने (२०१८) खराब धान्य व तांदळाची कणी यांनाही कच्चा माल म्हणून मान्यता दिल्याने हा प्रश्न भातापर्यंत आला. वसई-विरारच्या किनारपट्टीत परतीच्या पावसाने आडव्या झालेल्या भाताला लोंबीतच मोड येतात. मोड येताना स्टार्चाची शर्करा होते, पण तिचा काही भाग अंकुराच्या श्वसनात खर्च होतो व तेवढे अल्कोहॉल कमी मिळते.

दरम्यान खरीप ज्वारीचे बरेचसे क्षेत्र सोयाबीन व कापूस यांच्याखाली गेले आणि २०२३-२४ च्या पुरवठा-वर्षात इंधन-अल्कोहॉलसाठीच्या धान्यांत मका अग्रस्थानी आला.