हॅलोवीनची जत्रा: गावाने पोरांशी केलेला तह

१/
ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतील लहानमोठ्या गावांत एक समिती बसते. शाळेचे पटांगण कोणत्या दिवशी मिळेल, पाण्याच्या टबात तरंगणारी सफरचंदे दातांनी उचलण्याचा खेळ कोण सांभाळील, सोंगांच्या स्पर्धेला परीक्षक कोण, खाऊच्या पुड्या किती बांधायच्या, याच्या याद्या होतात. हॅलोवीनची ही सार्वजनिक जत्रा आज निव्वळ करमणूक वाटते. तिचा जन्म मात्र स्वतःच्याच पोरांपुढे हात टेकलेल्या गावांच्या हतबलतेतून झाला. त्या तहाची ही हकीकत.

२/
या सणाचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील केल्टिक परंपरेत आहे. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या संधिकाली तेथे 'साविन' हा सण पाळला जाई. पुढे आठव्या-नवव्या शतकांत ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा दिवस सर्व संतांच्या स्मरणासाठी नेमला. त्याची पूर्वसंध्या म्हणजे 'ऑल हॅलोज ईव्ह'. त्याचाच अपभ्रंश हॅलोवीन. या रात्री मृतात्मे आणि अदृश्य शक्ती माणसांत वावरतात, ही समजूत लोकमानसात टिकून राहिली.

३/
या रात्रीला दोन अंगे होती. पहिले घरातले. चुलीत दोन कवचफळे शेजारी-शेजारी ठेवून ती शांतपणे जळतात की तडकून दूर उडतात, यावरून जोडप्यांचे भविष्य पाहत. आयर्लंडमधील 'बार्मब्रॅक' या गोड पावात अंगठी, नाणे अशा वस्तू दडवीत. ज्याला अंगठी मिळेल त्याचे लग्न जवळ आले असे समजत. दोरीला टांगलेले सफरचंद हात न लावता खाण्याचा खेळही जुनाच. डॅनियल मॅक्लीज या आयरिश चित्रकाराचे १८३३चे 'स्नॅप-ॲपल नाइट' हे चित्र याच खेळावर आहे. आजच्या जत्रेतील कितीतरी खेळ या चुलीभोवतीच्या खेळांचे वंशज आहेत.

४/
दुसरे अंग अंगणाबाहेरचे. तोंडाला काजळी फासून, मुखवटे चढवून तरुण पोरे रात्री गावभर हिंडत, खोड्या काढीत आणि सकाळी तो दोष भुताखेतांवर ढकलीत. १८४५नंतरच्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले, तेव्हा सणाची ही दोन्ही अंगे त्यांच्याबरोबर समुद्रापार पोहोचली. सलगम कोरून केलेल्या दिव्याची जागा तेथे भोपळ्याने घेतली. खोड्यांना मात्र पर्याय शोधावा लागला नाही. त्या जोमाने फोफावल्या.

५/
खेड्यांत फाटके बिजागऱ्यांवरून उचलून नेत, गाडी सुटी करून धान्यकोठाराच्या छपरावर पुन्हा जोडून ठेवीत, अंगणातले संडास उलथवीत, दुकानांच्या काचांवर साबण फासत. काही ठिकाणी थट्टेला धोक्याची धार आली. १८७९ साली केंटकी राज्यात सुमारे २०० मुलांनी रुळांवर माणसाच्या आकाराचे बुजगावणे आडवे टाकून धावती आगगाडी थांबवली होती.

६/
शहरे वाढली तशी या शिमग्याची जातही बदलली. खेड्यात ज्याचे फाटक गेले त्याला ते कोणी नेले याचा अंदाज असे आणि नेणाऱ्यालाही त्याची जाणीव असे. शहरात दोघे एकमेकांना अनोळखी. मग रस्त्यावरचे दिवे फुटू लागले, आगीच्या खोट्या वर्दी जाऊ लागल्या, वाटसरूंवर पिठाने भरलेले मोजे बसू लागले. पोलिसांचा पहारा वाढवावा, तर त्यांना चकवणे हाच नवा खेळ होई.

७/
सुखवस्तू कुटुंबांनी एक उत्तर शोधले होते: घरगुती मेजवानी. कागदी सजावटीचे सामान विकणाऱ्या डेनिसन कंपनीने १९०९ साली 'बोगी बुक' ही पुस्तिका काढली. नारिंगी-काळ्या क्रेप कागदाच्या माळा, पोशाख आणि खेळ यांच्या कल्पना त्यात होत्या. १९१२पासून ती जवळजवळ दरवर्षी निघू लागली. पण या मेजवानीला आमंत्रण असे ते मुळातच शहाण्या मुलांना. ज्यांचा त्रास होता, ती पोरे त्या रात्रीही रस्त्यावरच होती.

८/
ही मेख कॅन्सस राज्यातील हायवाथा गावच्या एलिझाबेथ क्रेब्स यांच्या ध्यानात आली. दर हॅलोवीनला त्यांच्या बागेची नासधूस होई. १९१३ साली त्यांनी पदरमोड करून गावातील मुलांसाठी मेजवानी ठेवली. खेळून-खाऊन पोरे दमतील आणि मुकाट घरी जातील, असा हिशेब होता. पोरे आली, खेळली, जेवली. बाग त्या रात्रीही तुडवली गेली.

९/
क्रेब्स बाईंनी यातून काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा ठरला. प्रश्न एका घराचा नव्हता, मग उत्तर एका घरापुरते कसे पुरेल? १९१४ साली त्यांनी सगळे गाव कामाला लावले. वाद्यवृंद आला, सोंगांची स्पर्धा ठरली, मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघाली. ही युक्ती लागू पडली आणि मिरवणुकीची प्रथा गावात रुजली.

१०/
कल्पना एकाच डोक्यातून निघून सर्वत्र पसरली असे नव्हे. सारखा त्रास सोसणारी गावे सारख्याच उपायाकडे वळत होती. कॅन्ससमधीलच इंडिपेन्डन्स गावाने १९१९ साली 'नीवोला' हा उत्सव सुरू केला. हॅलोवीनची इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने वाचली की हा शब्द होतो. पोरांनी गाव उलथेपालथे करू नये म्हणून गावाने सणाचे नावच उलथे केले. गंमत होती, पण हेतू गंभीर होता.

११/
या मालिकेतील सर्वांत गाजलेले गाव म्हणजे मिनेसोटा राज्यातील अनोका. एका हॅलोवीनच्या सकाळी गावकरी उठून पाहतात तो मुख्य रस्त्यावर गाई मोकाट फिरत आहेत, काचांवर साबण आहे आणि संडास आडवे पडले आहेत. १९२० साली जॉर्ज ग्रीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. व्यापाऱ्यांचा क्लब, किवानीस क्लब, शिक्षक आणि पालक तिच्या पाठीशी उभे राहिले.

१२/
अनोकाच्या समितीने केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे तयारीतच शेकडो शाळकरी मुलांना सामील करून घेतले. ऐन रात्री पोलीस, अग्निशमन दल, नॅशनल गार्ड आणि बँडपथके यांच्यासह मिरवणूक निघाली. शेवटी ब्रिज स्क्वेअर येथे मोठी शेकोटी पेटली आणि मुलांना लाह्या, शेंगदाणे व गोळ्या वाटण्यात आल्या. सकाळी गाई गोठ्यात होत्या. हे गाव पुढे स्वतःला 'जगाची हॅलोवीन राजधानी' म्हणवू लागले.

१३/
हा उपाय का लागू पडला? जत्रेच्या रचनेतच त्याचे उत्तर आहे. पोरांना रात्री बाहेर हिंडायचे होते. मिरवणुकीने ती मुभा दिली, पण उजेडात. वेष बदलायचा होता. स्पर्धेने बक्षीस ठेवले, पण बक्षीस घ्यायचे तर मुखवटा काढून नाव सांगावे लागे. जाळपोळीची हौस होती. शेकोटी पेटली, पण मोठ्यांच्या देखरेखीखाली. खाऊ वाटला जाई तो मिरवणुकीच्या शेवटी, म्हणजे मधूनच पळ काढणाऱ्याचे नुकसान. पुढे कित्येक गावांत तर काचांवर साबण फासणाऱ्या मुलांच्याच हाती रंग देऊन दुकानांच्या काचा रंगवण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या.

१४/
खाऊही ऋतूच्या हिशेबाने ठरे. शरदात अमेरिकेत सफरचंदांचा हंगाम असतो. म्हणून सफरचंदाचा ताजा रस, पाकात बुडवलेली सफरचंदे. पाकात वळलेले लाह्यांचे लाडू आणि दोरीला टांगून तोंडानेच खायचे डोनट हेही ठरलेले. मक्याच्या दाण्यासारखी दिसणारी तिरंगी 'कँडी कॉर्न' १८८०च्या दशकात आली. ती बनवणारी गोलित्झ कंपनी आरंभी ती 'चिकन फीड', म्हणजे कोंबड्यांचा दाणा, या नावाने विकत असे. शेतकऱ्यांच्या देशात हे नाव शोभून दिसले.

१५/
१९२९नंतरच्या महामंदीने या तहाची कसोटी घेतली. बेकारी वाढली आणि १९३३चा हॅलोवीन अनेक शहरांत इतका हिंसक झाला की त्याला 'काळा हॅलोवीन' म्हटले गेले. मोटारी उलथवल्या गेल्या, टेलिफोनचे खांब करवतीने कापले गेले. सणावर बंदी घालावी, असा विचार काही शहरांत मूळ धरू लागला. पण बंदी अमलात आणायला लागणारे पोलीस मंदीत आणायचे कोठून?

१६/
पुष्कळ वस्त्यांनी पुन्हा जत्रेचाच मार्ग धरला, पण गरिबीला परवडेल असा. शेजाऱ्यांनी खर्च वाटून घेतला: एका घरी खाऊ, दुसऱ्या घरी खेळ, तिसऱ्या घराच्या तळघरात भुताटकीची वाट. अंधारात चाचपडताना हाताला कच्च्या यकृताचे तुकडे लागावेत, तोंडाला ओला स्पंज चाटून जावा, अशा सूचना त्या काळच्या पुस्तिकांत सापडतात. आजच्या 'हाँटेड हाऊस'चा उगम या काटकसरीत आहे.

१७/
दारोदार जाऊन 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणण्याची प्रथा याच काळात फैलावली. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, हा तिचा सरळ अर्थ. कॅनडातील आल्बर्टा प्रांतातल्या ब्लॅकी गावची १९२७ची बातमी ही या शब्दप्रयोगाच्या जुन्या नोंदींपैकी एक. तह आता दारादारांत होऊ लागला. आयोवा राज्यातील डे मॉइन शहराने त्याला एक देखणी अट घातली: खाऊ हवा तर आधी विनोद, कोडे किंवा कला सादर करा. ती रीत तेथे अजून टिकून आहे.

१८/
दुसऱ्या महायुद्धात साखर शिधापत्रिकेवर गेली. अनोकाने १९४२ आणि १९४३चा उत्सव रद्द केला. १९४२ साली शिकागोच्या नगरपरिषदेने तर हॅलोवीन मोडीत काढून त्या जागी 'काटकसर दिन' पाळण्याचा ठराव केला. १९५० साली अमेरिकी सिनेटच्या एका समितीने ३१ ऑक्टोबरला 'युवक सन्मान दिन' जाहीर करण्याची शिफारस केली. दोन्हींपैकी काहीच रुजले नाही. साखर १९४७ साली मोकळी झाली आणि मुले पुन्हा पिशव्या घेऊन बाहेर पडली.

१९/
तह किती यशस्वी झाला, याची साक्ष १९५९ साली मिळाली. समाजशास्त्रज्ञ ग्रेगरी स्टोन यांनी मिसुरी राज्यात आपल्या दारी आलेल्या मुलांना विचारले: खाऊ नाही दिला तर काय कराल? बहुतेकांना उत्तरच सुचेना. खोडी म्हणजे काय, हेच ती पिढी विसरली होती. स्टोन यांना याचा आनंद झाला नाही. स्वतः काही घडवण्याऐवजी नुसते घेत राहणारी मुले तयार होत आहेत, असे त्यांना वाटले. शांततेची ही किंमत त्यांच्या आधी फार थोड्यांनी मोजली होती.

२०/
नंतर भीतीची दिशाच फिरली. पूर्वी गावाला पोरांची भीती होती. आता पोरांसाठी भीती वाटू लागली. सफरचंदात पाते, गोळीत विष, अशा अफवा पसरल्या. १९७४ साली टेक्सासमध्ये हॅलोवीनच्या रात्री एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइडने मेला. ते विष विम्याच्या पैशासाठी त्याच्या बापानेच खाऊत कालवले होते. १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल गोळ्यांत कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जणांचा बळी गेला. त्या वर्षी कित्येक गावांनी दारोदारच्या फेऱ्या आवरल्या.

२१/
समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने दिलेल्या खाऊने मूल दगावल्याचा एकही खरा दाखला त्यांना सापडला नाही. पण भीतीला पुराव्याची गरज नसते. पालक शाळा, चर्च आणि बाजारसंकुलांतील जत्रांकडे वळले. पुढे वाहनतळावर मोटारींच्या डिक्क्या सजवून तेथूनच खाऊ वाटण्याची 'ट्रंक ऑर ट्रीट' ही रीतही आली. खेळ तेच, खाऊ तोच. पहिली जत्रा गावाला मुलांपासून वाचवण्यासाठी भरली होती. ही मुलांना जगापासून वाचवण्यासाठी.

२२/
जुने दुखणेही पुरते बरे झाले नव्हते. डेट्रॉइटमध्ये हॅलोवीनची आदली रात्र 'सैतानाची रात्र' म्हणून कुप्रसिद्ध झाली. १९८४ साली त्या सुमारास तेथे ८००हून अधिक आगी लागल्या. उद्योग गेलेले, वस्ती ओसरलेली, घरे ओस पडलेली. संचारबंदी आली, तिच्या जोडीला १९९५पासून 'देवदूतांची रात्र' या नावाने हजारो नागरिक आपापल्या गल्ल्यांत पहारा देऊ लागले. आगी घटत गेल्या. २०१८ साली शहराने ती पहाऱ्याची मोहीम थांबवून मुलांसाठी ठिकठिकाणी हॅलोवीनचे कार्यक्रम भरवायला सुरुवात केली.

२३/
हायवाथाच्या बागेपासून डेट्रॉइटच्या गल्ल्यांपर्यंत एक धडा सारखा दिसतो. नुसत्या ठरावांनी आणि बंदीच्या धाकाने ही रात्र कधी शमली नाही. तिला हिंडायला रस्ता, मिरवायला सोंग, शेकायला विस्तव आणि शेवटी ओंजळभर खाऊ मिळाला, की ती शांत झाली. त्यातही टिकाऊ ठरल्या त्या जत्रा, ज्यांच्या तयारीत मुलांचे स्वतःचे हात लागले होते. समितीच्या यादीत सफरचंदे किती आणि पुड्या किती हे दरवर्षी लिहिले जाते. त्या यादीतले काम मुलांना किती दिले, यावर तो जुना तह अजून तोलला जातो.

(समाप्त)