दशावताराचे अनुदान : अर्जाची पारख कशी होते?

तुळशीची लग्ने लागली की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगावच्या देवळांपुढे रात्र-रात्र दशावतार रंगतो, तो पावसाळा तोंडावर येईपर्यंत. या कलावंतांना शासनाचे साहाय्य मुख्यतः दोन वाटांनी मिळू शकते. एक वाट नाट्यमंडळाची, दुसरी वृद्ध कलावंताची. आणि दोन्हीकडे अर्जाची पारख निरनिराळ्या कसोट्यांवर होते.

मंडळांसाठी राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची प्रयोगात्मक कलांची अनुदान योजना आहे. तमाशा, खडीगंमत, शाहिरी यांच्याबरोबर दशावतारही तीत समाविष्ट आहे. वेशभूषा, वाद्ये, प्रकाशयोजना अशा साहित्यासाठी भांडवली अनुदान आणि प्रत्यक्ष सादरीकरणाशी निगडित प्रयोग अनुदान, असे तिचे दोन भाग. येथे विचार होतो तो संस्थेचा. ज्या कंपनीकडे नोंदणी आणि हिशेब आहेत, तिचे काम त्यामुळे बरेच सोपे होते.

खरी अडचण वैयक्तिक मानधनात आहे. 1954-55पासून चालत आलेली ही योजना आज ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना’ या नावाने ओळखली जाते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य व स्थानिक अशा तीन श्रेणींत मानधन वेगवेगळे असे. एप्रिल 2024पासून ते सरसकट दरमहा 5,000 रुपये झाले. वय किमान 50 (दिव्यांगांना 10 वर्षांची सवलत), कलाक्षेत्रात 15 वर्षांचे काम, महाराष्ट्रातील वास्तव्य, वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत आणि शासनाचे अन्य नियमित निवृत्तिवेतन नसणे, या मुख्य अटी होत. उत्पन्नाची ही मर्यादाही महिन्याला 5,000 रुपयांचीच भरते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अर्जांची निवड जिल्हास्तरीय समिती करते आणि एका जिल्ह्यातून वर्षाला 100 जणच निवडले जातात. म्हणजे अटी पूर्ण केल्या तरी निवड होईलच असे नाही. म्हणून कामाचा पुरावा महत्त्वाचा ठरतो.

वय आणि उत्पन्न दाखल्यांनी सिद्ध होते. 15 वर्षांची कला कशाने सिद्ध करायची? शहरातील नाट्यसंस्थेकडे छापील संहिता असते, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र असते, तिकीटविक्री आणि वृत्तपत्रांतील परीक्षणे असतात. दशावताराला लिखित संहिताच नसते. आडदशावतारातला संकासुर असो की पुढच्या आख्यानातला राजा, नट आपले संवाद उभ्या-उभ्या रचतो. जत्रेच्या फलकावर नाव झळकते ते कंपनीचे. आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेल्या नटाचे किंवा पखवाजवाल्याचे नाव त्यावर क्वचितच असते. बिदागी बहुधा रोखीने मिळते.

पिंगुळीच्या चित्रकथीची तऱ्हा आणखी वेगळी. ठाकर कलावंतांच्या जुन्या पोथ्यांतील चित्रांवर चित्रकाराची सही नाही. परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा मान्यवरांच्या बाबतीत पुराव्याचा प्रश्नच उरत नाही. तो उरतो वर्षानुवर्षे मागे बसून साथ करणाऱ्यांच्या बाबतीत.

यावर उपाय गावातच सापडतो. नोंदणीकृत देवस्थानांना जमाखर्च ठेवावा लागतो आणि त्यात जत्रेच्या नाटकाचा खर्च नोंदलेला असू शकतो. त्यावरून कंपनी त्या वर्षी आली होती हे ठरते, नट तिच्यात होता हे मात्र नाही. म्हणून देवस्थानच्या पत्राला कंपनीच्या मालकाच्या पत्राची जोड हवी, आणि त्यात भूमिका, वर्षे व गावे स्पष्ट लिहिलेली हवीत. ‘अनेक वर्षे कलेची सेवा केली’ असे मोघम वाक्य समितीच्या काहीच उपयोगाचे नसते. जुनी छायाचित्रे असल्यास त्यामागे गाव आणि साल लिहावे. मुखलेपातला चेहरा परक्याला ओळखता येत नाही!

आता हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. दाखले मिळवायला वेळ लागतो आणि हंगामात कलावंत आज या गावी, उद्या त्या गावी असतो. तेव्हा कागदपत्रांची जुळवाजुळव जत्रा नसलेल्या पावसाळ्यातच उरकावी.