एका टिंबातले पाच उच्चार

आपल्या पिंपरी-चिंचवड परिसरातली पाच नावे जरा सावकाश उच्चारून पाहा : सांगवी, चिंचवड, लांडेवाडी, इंद्रायणी, पिंपरी. डोक्यावरचे टिंब एकच, पण आवाज पाच. सांगवीत ङ, चिंचवडात ञ, लांडेवाडीत ण, इंद्रायणीत न आणि पिंपरीत म. त्यातले ङ आणि ञ आपण वर्णमाला म्हणताना घाईने ओलांडतो, कारण मराठीत या अक्षरांनी शब्द सुरू होत नाही.

मी सध्या इंडोनेशियन भाषा शिकतो आहे. तिथे ही दोन्ही अक्षरे शब्दाच्या सुरुवातीलाही येतात. डासाला म्हणतात 'ञामुक'. हाताला 'ताङान' आणि शिडीला 'ताङ्गा'; पहिल्या शब्दात ग नाही, दुसऱ्यात आहे. रमजानमध्ये इफ्तारची वाट पाहत संध्याकाळ घालवण्याला सुंदानी भाषेतून आलेला शब्द आहे, 'ङाबुबुरित'.

हा ङ कसा काढायचा? 'सांग' म्हणा आणि ग येण्याच्या आत थांबा. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकलेला राहतो आणि आवाज नाकातून येतो. मक्तबमध्ये तज्वीद शिकलेल्यांना ही जागा परकी नाही. नून साकिननंतर काफ आला की इख्फा करतात, तेव्हा गुन्ना याच जागेच्या जवळ जातो. अवघड एवढेच की तो नाद शब्दाच्या तोंडाशी आणायचा.

अरबीत या दोन ध्वनींना स्वतंत्र अक्षरे नाहीत. इस्लामबरोबर अरबी लिपी मलय प्रदेशात पोहोचली, तेव्हा तिथल्या मुसलमानांनी आपले उच्चार सोडले नाहीत. लिपीत भर घातली. 'जावी' नावाच्या या लिपीत ऐनवर तीन टिंबे दिली की ङ होतो, आणि ञसाठी तीन टिंबांचा नून आहे. जावा बेटावरची जुनी लिपी तर आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मीच्या कुळातली. तिच्या वीस मूळ अक्षरांतले शेवटचे अक्षर ङ आहे. जावातल्या मुसलमानांनी ही लिपीही शतकानुशतके वापरली.

याचे दुसरे उदाहरण शोधायला समुद्र ओलांडायची गरज नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक हिंदू कुटुंबे पिंपरी कॅम्पात वसली. सिंधीत जाण्याला 'वञणु' म्हणतात आणि शिंगाला 'सिङु'. म्हणजे ज्या ध्वनींसाठी मी धडपडतो आहे, ते या गावात घरोघरी बोलले जात होते.

सिंध 1843 मध्ये इंग्रजांनी जिंकला आणि पुढे 1936 पर्यंत तो मुंबई इलाख्यात होता. सिंधीसाठी कोणती लिपी घ्यावी यावर इंग्रज अधिकाऱ्यांतच वाद झाला. जॉर्ज स्टॅक यांचा कल देवनागरीकडे, तर रिचर्ड बर्टन यांचा अरबीकडे. अखेर 1853 मध्ये 52 अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरली. तिच्यात ङ, ञ आणि ण या तिघांनाही स्वतंत्र अक्षर मिळाले. स्वातंत्र्यानंतर भारतात हा वाद पुन्हा उभा राहिला आणि दोन्ही लिप्या चालू राहिल्या. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

'तुमची भाषा उर्दूच ना?' हा प्रश्न मराठी मुसलमानाला नवा नाही. अरबी लिपी म्हणजे मुसलमान आणि देवनागरी म्हणजे हिंदू, असा हिशेब त्यामागे असतो. पिंपरीत हा हिशेब जुळत नाही. इथे एखादे सिंधी हिंदू आजोबा उजवीकडून डावीकडे वाचतात आणि माझ्यासारखा मुसलमान डावीकडून उजवीकडे मराठी लिहितो. दोघांपैकी कोणाचाही धर्म त्यामुळे कमी-जास्त होत नाही.

धोका आहे तो वेगळाच. इंडोनेशियात रोमन लिपी आली आणि जावी मागे पडली, पण ङ आणि ञ टिकले, कारण लोक ती भाषा बोलत राहिले. आपल्याकडे सिंधी शाळा कमी झाल्या आहेत आणि अनेक घरांतली मुले आता हिंदी-इंग्रजी बोलतात. लिपी गेली तर पुस्तके वाचता येत नाहीत, पण ती पुन्हा शिकता येते. आजीच्या तोंडचा 'वञणु'मधला ञ मात्र पुस्तकातून शिकता येत नाही. तो कानाने घ्यावा लागतो, आणि तोही ती बोलते आहे तोवरच.