स्पोर्ट्स कारची पुढची चाके रुंद करताना

लकडगंज ही नागपूरची लाकडाची जुनी बाजारपेठ. विदर्भातील जंगलांतून येणारे सागवान आणि आरागिरण्या यांच्या आधाराने ही पेठ वाढली. लाकडी चाकांच्या काळातही रुंदीचा प्रश्न होताच. काळ्या मातीत रुंद धावेचे चाक कमी रुतते, पण ओढणाऱ्या बैलांना तेच जड जाते. आज या भागातून जाणाऱ्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर जमिनीलगत धावणारी स्पोर्ट्स कारही दिसते. तिच्या मालकाला अनेकदा मूळ चाकांऐवजी बाजारातील रुंद ‘मॅगव्हील’ बसवण्याची इच्छा होते. मागची चाके मूळचीच रुंद असल्याने पुढची अरुंद चाके त्याच्या डोळ्यांना खुपतात. परंतु पुढचे चाक केवळ गाडीचा भार वाहत नाही. ते गाडीला दिशा देते आणि ब्रेक दाबल्यावर थांबवण्याचे काम प्रामुख्याने तेच करते. म्हणूनच ते बदलण्याआधी त्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

मागची चाके रुंद का असतात?

मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत वेग घेताना भार मागे सरकतो आणि इंजिनाचा जोरही मागच्याच टायरांवर येतो. त्यामुळे मागे रुंद टायर देण्याची प्रथा पडली. पोर्शे कंपनीच्या ९११ या गाडीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९६४ साली तिचे उत्पादन सुरू झाले तेव्हा चारही चाके साडेचार इंच रुंदीची होती. इंजिनाची शक्ती वाढत गेली तशी चाकेही रुंदावली आणि १९७३ च्या ‘कॅरेरा आरएस’ या आवृत्तीत पुढे सहा, तर मागे सात इंची चाके आली. अलीकडच्या बीएमडब्ल्यू झेड-४ एम-४० आय या गाडीतही पुढचे टायर २५५ मिलिमीटरचे, तर मागचे २७५ मिलिमीटरचे असतात.

या फरकामागे आणखी एक हेतू असतो. वळणावर वेग जास्त झाला तर पुढची चाके आधी घसरावीत आणि गाडी वळणाच्या बाहेर पसरावी, अशी रचना उत्पादक मुद्दाम करतात. याला ‘अंडरस्टिअर’ म्हणतात. घाबरलेला सामान्य चालक अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. भार पुढे येतो, पुढच्या टायरांना पकड मिळते आणि गाडी सावरते. याउलट मागची चाके आधी घसरली तर गाडी गिरकी घेते. तिला सावरणे सरावलेल्या चालकालाच जमते. फक्त पुढची चाके रुंद केली की गाडीचा कल पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो. शर्यतीच्या मैदानावर कुशल चालकाला हे हवेसे वाटते, कारण गाडी वळणात चटकन शिरते. पावसाळी रात्री रस्त्यावर मात्र तोच गुण घातक ठरू शकतो.

पुढच्या टायराच्या रुंदीचे महत्त्व फॉर्म्युला वनमध्येही दिसून आले. २००९ साली त्या शर्यतीत खाचा नसलेले ‘स्लिक’ टायर पुन्हा आले. त्यामुळे पुढच्या टोकाची पकड मागच्या मानाने फार वाढली. हा तोल सावरण्यासाठी २०१० साली पुढचे टायर २७० वरून २४५ मिलिमीटरपर्यंत अरुंद करण्यात आले.

रुंदीइतकाच ‘ऑफसेट’ महत्त्वाचा

चाकावर रुंदी आणि व्यासाबरोबर ‘ईटी ४५’ असा एक आकडा कोरलेला असतो. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. हा आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते, वाढला की आत जाते.

एक उदाहरण घेऊ. मूळ चाक ७ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. त्याजागी साडेआठ इंची चाक बसवायचे आहे. रुंदी दीड इंचाने, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटरने वाढली. ऑफसेट ४५ च ठेवला तर चाक आत १९ आणि बाहेर १९ मिलिमीटर वाढेल. मध्यरेषा होती तिथेच राहील. पण आतल्या बाजूला शॉकअ‍ॅब्सॉर्बर असतो आणि तिथे एवढी जागा बहुधा नसते. म्हणून विक्रेता ईटी ३० चे चाक सुचवतो. आता आतली वाढ केवळ ४ मिलिमीटर होते, मात्र बाहेरची वाढ ३४ मिलिमीटरवर जाते. चाक बसते, दिसतेही ऐटदार. पण त्याची मध्यरेषा १५ मिलिमीटर बाहेर गेलेली असते. खरी अडचण इथून सुरू होते.

स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचे चाक एका तिरप्या अक्षाभोवती वळते. हा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तो बिंदू आणि टायराच्या टेकण्याच्या जागेचा मध्य यांतील अंतराला ‘स्क्रब रेडियस’ म्हणतात. अक्षाचा बिंदू टायराच्या मध्याच्या आतल्या बाजूला असेल तर ते धन, बाहेरच्या बाजूला असेल तर ऋण. ऑफसेट १५ मिलिमीटरने घटला की हे अंतर तेवढेच धन बाजूला सरकते. १९७२ च्या ऑडी ८० या गाडीत मुद्दाम ऋण स्क्रब रेडियस ठेवण्यात आला होता. त्यामुळे एका बाजूच्या चाकाला पकड कमी मिळाली तरी ब्रेकच्या वेळी गाडी आपोआप सरळ राहण्यास मदत होते. हे अंतर धन झाले तर गाडी पकड असलेल्या बाजूला ओढली जाते.

नागपूरकरांना याचा अर्थ लगेच कळेल. शहरातील अनेक सिमेंट रस्त्यांच्या कडेला गट्टू बसवलेले आहेत. पावसात त्यांवर माती आणि वाळू साचते. ओव्हरटेक करणाऱ्या वाहनाला वाट देताना गाडीची डावी चाके गट्टूंवर आणि उजवी सिमेंटवर असतात. अशा क्षणी जोराचा ब्रेक लागला तर सुकाणूला उजवीकडे झटका बसतो. मूळ भूमितीची गाडी तो सौम्य करते. चाके बाहेर सरकवलेली गाडी तो थेट चालकाच्या हातात आणून सोडते. रस्त्यातील चिरांमागे स्टिअरिंगचे भरकटणे आणि खड्ड्यात बसणारे हिसके ही त्याच दोषाची सौम्य लक्षणे होत. चाकाच्या बेअरिंगवरही तिरपा भार वाढतो. स्पेसर लावून मूळ चाक बाहेर काढल्यानेही नेमके हेच घडते.

रुंद टायरने काय मिळते, काय जाते

टायर रुंद झाला की रस्त्याला टेकणारे क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढते, हा समज बरोबर नाही. ते मुख्यत्वे भार आणि हवेच्या दाबावर ठरते. रुंद टायरात त्या जागेचा आकार बदलतो. ती लांबीला कमी आणि रुंदीला जास्त होते. कोरड्या रस्त्यावर वळताना याचा फायदा होतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. त्यामुळे तो कमी वेगातच पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग निकामी झाल्यासारखे वाटते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. या वेगाला पावसात हा फरक निर्णायक ठरतो.

टायराची एकूण उंचीही मूळइतकीच राहायला हवी. २२५/४५ आर १७ या टायराचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, तर २५५/४० आर १७ चा ६३६ मिलिमीटर भरतो. हा बदल नगण्य आहे. व्यास फार बदलला तर एबीएस आणि स्थैर्य राखणाऱ्या प्रणालीला चाकांच्या फिरण्याचा चुकीचा हिशेब मिळतो. चारही चाकांना शक्ती जाणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या व्यासातील तफावत बदलल्यास मधली यंत्रणा तापून खराब होऊ शकते.

बसवण्यापूर्वी काय तपासावे

* बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळला पाहिजे. ५ × ११२ आणि ५ × ११४.३ ही मापे डोळ्यांना सारखी दिसतात आणि ओढूनताणून बसल्यासारखीही वाटतात. अशा चाकाचे बोल्ट तिरपे ताणले जाऊन तुटू शकतात.

* चाकाचे मधले भोक हबवर घट्ट बसावे. ते मोठे असल्यास योग्य मापाची रिंग वापरावी, अन्यथा चाक मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरते.

* नटांची बैठक शंकूच्या आकाराची की गोलाकार, हे चाकानुसार ठरते. नट पुस्तिकेत दिलेल्या बलानेच, टॉर्क रेंचने आवळावेत आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

* टायरचा भारांक मूळपेक्षा कमी नसावा. ९१ या आकड्याचा अर्थ एका टायरला ६१५ किलो, ९४ चा अर्थ ६७० किलो. टायरवर आयएसआय चिन्ह असावे. चाकावर जपानचे जेडब्ल्यूएल यांसारखे चाचणीचे चिन्ह पाहावे. ते नसलेले स्वस्त ओतीव चाक खड्ड्यात तडकण्याचा धोका असतो.

* गाडीत माणसे बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे आणि गतिरोधकावरून सावकाश न्यावी. टायर आतल्या अस्तराला किंवा मडगार्डच्या कडेला कुठे घासतो का, ते पाहावे. शॉकअ‍ॅब्सॉर्बरपासून निदान पाच-सहा मिलिमीटर अंतर उरावे. शेवटी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हवेचा दाब सकाळी टायर थंड असतानाच पाहावा. तापलेल्या टायरमधली हवा काढून दाब ‘बरोबर’ केला तर गार झाल्यावर तो कमी भरतो, आणि कमी हवेचा टायर अधिक तापतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनधारकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे मांडले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्व नागपुरातील एमएच-४९ मालिकेच्या गाडीलाही हा नियम लागू आहे. मडगार्डबाहेर आलेले चाक तर लांबूनच नजरेत भरते. विमा कंपनीला बदल लेखी कळवला नसेल तर अपघातानंतर दाव्यात अडथळा येण्याची शक्यता असते.

यातून सुरक्षित मार्ग असा निघतो. अनेक उत्पादक एकाच गाडीच्या वरच्या आवृत्तीसाठी रुंद चाकांचा संच देतात आणि त्याची मापे पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असतात. हा संच पुढच्या व मागच्या जोडीने ठरवलेला असतो, त्याचा ऑफसेट स्टिअरिंगच्या भूमितीशी जुळवलेला असतो आणि स्थैर्यप्रणालीही त्यानुसार बेतलेली असते. त्याच मर्यादेत राहून चारही चाके एकत्र बदलली तर गाडीचे रूप खुलते आणि तोलही टिकतो. दुकानात रुंदी विचारण्याआधी ऑफसेट विचारावा, आणि ‘पंधरा मिलिमीटरने काय होते?’ असे उत्तर मिळाले तर ते चाक घेऊ नये.