हृदयातल्या मूलपेशी आणि ग्वाल्हेरची चिंच

तानसेन समारोहासाठी डिसेंबरात ग्वाल्हेरला गेलो की मी लष्कर भागात बायकोच्या काकांकडे उतरतो. घर चार पिढ्यांचं मराठी, पण बोलण्याला हिंदीचा मस्त वास. यंदा पहिल्याच रात्री काकांनी कपाटातून एक फाईल काढली. 2012 साली त्यांना हार्ट अटॅक आला, त्यानंतर एका खाजगी दवाखान्यात कमरेच्या हाडातली मज्जा काढून तिच्यातल्या पेशी हृदयात टोचल्या होत्या. काकूंच्या पाटल्या त्यात गेल्या. काका म्हणाले, "आता खरं सांगा, आम्ही फसून चुकलो का?"

मी डॉक्टर नव्हे. पण या विषयाचं मला जुनं वेड आहे.

मूलपेशी म्हणजे स्टेम सेल, जिच्यापासून दुसऱ्या पेशी घडतात ती. रक्ताच्या मूलपेशी अस्थिमज्जेत असतात. हृदयाला ती सोय नाही, मेलेल्या स्नायूच्या जागी व्रणच राहतो, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. 2001 साली न्यूयॉर्कमधल्या पिएरो अँव्हर्सा आणि मंडळींनी 'नेचर'मध्ये छापलं, की उंदराच्या हृदयात मज्जेतल्या पेशी टोचल्यावर नऊ दिवसांत मेलेल्या भागाचा 68 टक्के हिस्सा नव्या स्नायूनं भरला. 2003 साली तर त्यांना खुद्द हृदयातच मूलपेशी 'सापडल्या'. जग हरखलं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्येही डॉ. वेणुगोपाल यांनी रुग्णांवर मज्जेतल्या पेशी वापरून पाहिल्या.

2004 साली दोन अमेरिकन गटांनी उंदरांवर तोच प्रयोग केला. स्नायू काही तयार होईना. पण आशा अशी सुटते थोडीच! त्यात 2009 साली स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांनी एक अफलातून युक्ती केली. अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला होता आणि तो माणसांच्या पेशींत उतरला होता. त्यावरून पेशीचं जन्मसाल काढता येतं! हिशेब निघाला तो असा: पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला 1 टक्का बदलतात, पंचाहत्तरीत 0.45 टक्के. म्हणजे हृदय नवं होतं, पण चिमूटभर. या चिमटीवर केवढा इमला उभा राहिला... 2011 साली 'लॅन्सेट'मध्ये रुग्णांवरचे उत्साहवर्धक निकाल आले. काकांचं इंजेक्शन त्याच्या पुढल्या वर्षीचं.

2014 साली उंदरांत या तथाकथित मूलपेशींचा माग काढला, तर त्यांच्यापासून स्नायू जवळजवळ बनतच नव्हता. ऑक्टोबर 2018 मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅम रुग्णालयानं अँव्हर्सांच्या प्रयोगशाळेचे 31 निबंध मागे घ्यावेत असं सांगितलं. त्यांत खोटी माहिती होती. 'लॅन्सेट'चा निबंध 2019 साली रद्द झाला.

"पण मला तर बरं वाटलं होतं," काका म्हणाले. वाटलं असेलच. अँजिओप्लास्टी झाली होती, गोळ्या चालू होत्या, विडीही सुटली होती. श्रेय मात्र इंजेक्शनला. आपल्या वैद्यक संशोधन परिषदेनं 2017 साली स्पष्ट लिहिलं, की रक्ताचे विकार सोडले तर मान्य चाचणीबाहेर असे उपचार करूच नयेत. काकांना पाच वर्षं उशीर झाला.

सकाळी तानसेनच्या समाधीपाशी गेलो. चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो ही जुनी समजूत. मूळ झाड केव्हाच गेलं, आताचं नंतरचं. तरी पानं तोडायला लोक होतेच. मीही दोन चावली.

येताना काकांना झेब्राफिशची गोष्ट सांगितली. आपल्याच नद्यांतला बोटभर मासा. हृदयाचा पाचवा भाग कापला तरी दोन महिन्यांत भरून काढतो, तोही मूलपेशींविना. असलेल्या स्नायूपेशीच दुभंगून नव्या होतात. आता शोध त्या वाटेनं चाललाय.

काका हसले. "गोवेकर ना तुम्ही! शेवटी माशावरच येणार."