नाणेघाटांतील प्रतिमा व वाटेवरील शिल्पयोजना

पायवाटांच्या व वनोद्यानांच्या कडेनें शिल्पें मांडण्याच्या योजना हल्लीं ठिकठिकाणीं आंखल्या जातात. त्यांचे नमुने बहुधा परदेशांतून घेतलेले असतात. वस्तुतः आपल्याच देशांत, एका डोंगरवाटेवर, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं अशी योजना विचारपूर्वक केलेली होती. तें स्थळ म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेकडील नाणेघाट होय.

कल्याण-सोपारा या बंदरांकडून जुन्नराकडे जाणारा माल याच वाटेनें कोंकणांतून वर चढे. लेणें कोरलें आहे तें घाटाच्या वरच्या तोंडाशीं. म्हणजे दमलेला वाटसरू जेथें हटकून टेकणार, तेथें. जवळच पाण्याचीं टांकीं आहेत. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठीं होता असें परंपरा सांगते.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर प्रतिमांची ओळ होती. आज पायांचे थोडेसे अवशेष उरले आहेत. वरचीं नांवें मात्र वाचतां येतात. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णि, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कर्नल साइक्स यांनीं हें स्थळ विद्वानांच्या नजरेस आणलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी व बूलर यांच्या वाचनानें लेखांचा उलगडा झाला. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरील मोठा लेख यज्ञांचा व दक्षिणेचा आहे. एका ठिकाणीं 1700 गायी व 10 हत्ती, दुसऱ्या ठिकाणीं 10001 गायी, असे आंकडे त्यांत येतात, आणि अंकचिन्हांच्या इतिहासांत त्यांचें मोल मोठें आहे.

आमच्या मतें या मांडणींतच योजकाचें कसब आहे. समोर चेहरे, बाजूंस अक्षरें. निरक्षर तांडेवाल्यास राजकुल दिसे, साक्षरास त्याचें वैभव वाचतां येई. राजकुलाच्या ओळींत महारठीस स्थान आहे. तो राणीचा पिता असावा, हें सर्वसाधारण मत आम्हांस मान्य आहे. तसें असल्यास या घाटावर सत्ता कोणाच्या सोयरिकीनें उभी होती, हेंही येणाऱ्याजाणाऱ्यास कळावें अशी ती तजवीज होय.

भासाच्या नांवावर चालणाऱ्या ‘प्रतिमा’ नाटकांत अयोध्येबाहेर थांबलेला भरत असाच प्रतिमागृहांत शिरतो. तेथें त्याला पूर्वजांचीं नांवें देवकुलिकास विचारावीं लागतात, व पित्याची प्रतिमा पाहूनच त्याच्या मृत्यूची वार्ता समजते. नाणेघाटांत विचारण्याची गरज नव्हती; नांव डोक्यावरच होतें. मथुरेजवळील माट येथील कुषाण राजांच्या प्रतिमा प्रसिद्ध आहेत खऱ्या, पण त्या देवकुलांतील, येथील वाटेवरच्या.

येथें नव्या प्रतिमा घडवून बसवाव्या असें कोणी सुचवील, तर तें आम्हांस मान्य नाहीं. मूळ मुखवटे कोणासही ठाऊक नाहींत. जें बसेल तें कल्पित असेल, आणि नव्या खोदकामानें उरलेलीं पावलें व अक्षरें दुखावतील. वाट दुरुस्त करावी, वाचनाचा फलक लेण्याबाहेर लावावा, एवढें पुरे.

कुमार भाय याच्यापुढील लेखांत तुटी आहेत. ज्या संग्राहकांपाशीं या भिंतीचे जुने ठसे अथवा रेखाटनें असतील, त्यांनीं तीं छापील वाचनाशीं अक्षरशः ताडून पाहावीं. एखादें अक्षर अधिक निघालें तरी या ओळीचा क्रम पुन्हा तपासावा लागेल.