फळीवर कोरायचा इतिहास

सागवानावर पटाशी एकदा चालली की अक्षर मागे घेता येत नाही. म्हणून माजी सैनिकांच्या सभागृहातल्या जुन्या बंदुकीसाठी कोरीव फळी करायचे ठरले, तेव्हा मी आधी ती बंदूकच नीट वाचली. ही ली-एन्फिल्ड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली थ्री-नॉट-थ्री, परवानगीने निकामी केलेली. दस्ता जिथे सुरू होतो तिथल्या पोलादावर मुकुट आहे. त्याखाली जी.आर.आय., म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. मग इशापूर, म्हणजे ती जिथे घडली तो कारखाना, आणि १९१८ हे साल.

मंडळींना फळीवर कूत-अल-अमाराचा वेढा हवा आहे, आणि ती ओढ मला कळते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात उतरलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनच्या ब्रिगेडींची नावेच पूना, अहमदनगर आणि बेळगाव अशी होती. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला जनरल टाउनशेंडच्या हाताखालचे हे सैन्य अडले आणि तैग्रिसकाठच्या कूतला माघारी आले. डिसेंबरात तुर्कांनी वेढा आवळला. शिधा आटत गेला, घोडे कापावे लागले. ते मांस खायला कित्येक हिंदी शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. सुटकेसाठी निघालेल्या फौजांना कूतपर्यंत पोचता आले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यानंतरच्या वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत हजारो दगावली. युद्धानंतर ११७ पलटणीच्या नावाला ‘रॉयल’ जोडले गेले.

पण कूत पडले १९१६ साली आणि ही बंदूक घडली १९१८ साली. तिच्या पाठीमागे वेढ्याचे चित्र कोरले, तर पाहणारा पोरगा हीच बंदूक तिथे झडली असे समजून घरी जाईल. ज्यांनी खरोखर उपास काढले, त्यांच्या आठवणीला असा उसना पुरावा लागत नाही.

म्हणून आराखडा दोन भागांत केला आहे. मुख्य फळी पाच फूट लांब, कारण बंदूकच पावणेचार फुटांच्या आसपास आहे. लाकडाच्या रेषा आडव्या, मागे दोन पट्ट्या. या बंदुकीची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात झाकलेली असते. त्यामुळे तिला पेलणाऱ्या दोन्ही खुंट्या फक्त लाकडालाच टेकतील. खुंट्यांना चामडे लावणार नाही, दमट हवेत ते लोखंडाला गंज आणते. खंडेनवमीला पूजेसाठी बंदूक खाली घेतात, म्हणून ती कुलूप काढताच उचलता आली पाहिजे. या फळीवर कोरीव अक्षरे एवढीच: इशापूर, १९१८. वर बिगुल, लाइट इन्फन्ट्रीची खूण; ती सभागृहातल्या माणसांची म्हणून.

कूतसाठी खाली वेगळी पाटी. तिच्यावर तैग्रिसचे वळण आणि १०३, ११०, ११७ हे आकडे. दोन्हींमध्ये चार बोटांची मोकळी भिंत राहील.

मुख्य फळीचा उजवा कोपरा मी कोरा ठेवतो आहे. ही बंदूक इशापुराहून कोणत्या पलटणीकडे गेली याचा कागद कुणी आणून दाखवला, तर त्या पलटणीचे नाव तिथे मी स्वतः कोरून देईन.